पिग्मीवाल्या ताईंचे वांग: ११ ट्यूबा, एक लेझर पॅकेज आणि उशिरा गाठलेला स्किनचा डॉक्टर

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. डी.फार्म करून काउंटरला उभं राहून वीसेक वर्षं झाली. ज्यांची ही केस आहे त्यांना आपण सुनीताताई म्हणू, नाव बदललंय आणि ओळखू येईल अशा एकदोन गोष्टीही बदलल्यात, त्या स्वतःच म्हणाल्या "लिहा की दादा, फक्त माझं नाव नको" म्हणून लिहितोय.

ताईंचं वय तेव्हा ३६, दोन मुलं, नवरा एसटीत. ताई एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंट, पिग्मी म्हणजे रोजची थोडीथोडी बचत. म्हणजे रोज सकाळी ११ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ८ स्कुटीवरून दुकानं फिरायची, कुणाचे ५० कुणाचे १०० घ्यायचे, मशीनमधून पावती काढायची, पुढचं दुकान. माझ्याकडे रोज दुपारी साडेबाराच्या आसपास यायच्या. हे मुद्दाम सांगतोय कारण डॉक्टर पेशंटचा चेहरा महिन्यातून एकदा बघतो, मी हा चेहरा तीन वर्षं जवळजवळ रोज बघितला आणि तरी मला जे दिसायला पाहिजे होतं ते दिसलं नाही.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. ताई स्टोल बांधायच्या पण दुकानात शिरताना सोडायच्या, बोलायला लागतं ना, आणि पुढचं दुकान दहा पावलांवर असताना परत कोण गुंडाळत बसतंय.

वांग, म्हणजे चेहऱ्यावर उठणारे तपकिरी डाग, त्यांना पहिल्यांदा दुसऱ्या बाळंतपणात आले होते, सातव्या महिन्यात, आणि नंतर वर्षभरात बरेचसे फिके पडले. मग ३६ व्या वर्षी पाळीत फार अंगावर जायला लागलं म्हणून गायनॅककडे गेल्या, त्यांनी हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या, गर्भनिरोधक म्हणून देतात त्याच. गोळ्यांनी पाळी सुधारली. आणि चारपाच महिन्यांत दोन्ही गालांच्या हाडावर, कपाळावर आणि वरच्या ओठावर तपकिरी पट्टे उठले. ओठावरचा डाग त्यांना सगळ्यात जास्त लागायचा कारण लांबून मिशीसारखा दिसतो.

नेमका प्रॉब्लेम

घरात निदान तयारच होतं. सासूबाई म्हणाल्या पोटात उष्णता आहे, जाऊ म्हणाली रक्त कमी आहे. जायफळ आणलं, दुधात सहाणेवर उगाळून रात्री लावायचं. ते महिनाभर केलं, गाल चुरचुरायचे पण "चुरचुरतंय म्हणजे लागू पडतंय" असं सगळ्यांचं मत. मग कुणीतरी लिंबू सांगितलं. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊन उलट काळी पडते हे मला माहीत होतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही आपणहून बोललो नाही. पार्लरमध्ये ब्लीच झालं, फेशियल झालं.

वांग म्हणजे वरून बसलेला मळ किंवा डाग नाही, ही गोष्ट लोकांना पटवणं सगळ्यात अवघड. कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी असतात, त्या ऊन, हार्मोन, उष्णता आणि थोडा घराण्याचा वारसा अशा सगळ्यामुळे बिथरतात आणि गरजेपेक्षा जास्त रंग ओततात. म्हणजे नळ चालू आहे आणि आपण फरशी घासतोय. जोरात घासलं, काही जळजळीत लावलं तर कातडी सुजते आणि सूज आली की ह्या पेशी अजून रंग सोडतात. गव्हाळ-सावळ्या कातडीत तर हे पटकन होतं.

ऑगस्ट २०२१ मध्ये ताई पिग्मी घ्यायला आल्या आणि पर्समधून एक दाबून सपाट केलेली ट्यूब काढून काउंटरवर ठेवली. "दादा, ही आहे का? शेजारणीला तीन आठवड्यात फरक पडलाय."

होती. रोज दोनचार खपत होत्या.

ह्या ट्यूबमध्ये तीन औषधं असतात, म्हणून तिला ट्रिपल क्रीम म्हणतात: रंग कमी करणारं हायड्रोक्विनोन, कातडीचा वरचा थर लवकर बदलणारं ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड, आपल्याकडे बहुतेक मोमेटासोन. कल्पना जुनी आहे, १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस ह्या अमेरिकन डॉक्टरांनी तिन्हींचं मिश्रण करून डाग कमी होतात असं दाखवलं. औषध वाईट नाही. स्किनचे डॉक्टर आजही देतात, पण मोजून आठेक आठवडे, डागापुरतं, रात्री, आणि मध्ये बोलावून बघून. आपल्याकडे ते "गोरं करणारी क्रीम" म्हणून पूर्ण तोंडाला सकाळ-संध्याकाळ वर्षानुवर्षं चोपडतात. २०१८ मध्ये सरकारने चामडीवर लावायची बरीच स्टेरॉइड शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. हे मला पाठ आहे. लायसन्सची फ्रेम माझ्या डोक्यावरच टांगलेली असते.

मी ट्यूब दिली. "जास्त दिवस नका लावू ताई" असं म्हणालो, एवढंच.

तीन आठवड्यांनी खरोखर चेहरा उजळला. स्टेरॉइडने सूज-लाली दबते, रक्तवाहिन्या आकसतात, रंग बनवणं मंदावतं, त्यामुळे सुरुवातीचा रिझल्ट जबरदस्त असतो आणि तिथंच घात होतो. दुकानादुकानात बायका विचारायला लागल्या काय लावता म्हणून. ताईंनी ट्यूब थांबवली की आठ-दहा दिवसांत गाल लाल व्हायचे, आग व्हायची, बारीक पुळ्या यायच्या, परत लावली की दोन दिवसांत शांत. मग त्यांच्या मनात पक्कं बसलं की आपल्या कातडीला हीच क्रीम मानवते. व्यसनाचं गणित असतं तसंच हे.

ऑक्टोबर २०२२ उजाडला तेव्हा काय काय झालं होतं: उन्हात गेलं की चेहरा तापलेल्या तव्यासारखा, गालावर लाल बारीक शिरांचं जाळं, हनुवटीला आणि कानाजवळ लव वाढलेली, पुळ्या, आणि त्या सगळ्याच्या खाली वांग परत, आधीपेक्षा गडद. ह्या अवस्थेला टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस म्हणतात आणि हे नाव आपल्याच देशातल्या स्किनच्या डॉक्टरांनी दिलेलं आहे, यावरून काय ते समजा.

नंतर एकदा मी कॉम्प्युटरवर त्यांच्या नावाची बिलं काढली. १४ महिन्यांत १५ ग्रॅमच्या ११ ट्यूबा. अकराही माझ्याच दुकानातून.

पर्याय काय होते आणि कशाचा विचार झाला

पहिला पर्याय ताईंच्या मते, होता तोच चालू ठेवायचा. दुसरा, सगळं एकदम बंद करून "नॅचरल" व्हायचं, म्हणजे परत जायफळ. तिसरा पार्लरवालीने दिला, बिनलेबलची पांढऱ्या डबीतली नाईट क्रीम, "बाहेरून येते, डॉक्टर लोक सांगत नाहीत". ती त्यांनी वीसेक दिवस लावली आणि मला दाखवलीच नाही, नंतर कळलं. अशा डब्यांमध्ये पारा असू शकतो. पाऱ्याने रंग उतरतो हे खरं, पण तो कातडीतून आत जातो आणि किडनीवर बसतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या किडन्या अशाच एका क्रीमने बिघडल्याची बातमी आपण सगळ्यांनी वाचली होती, वाचली आणि पान उलटलं. कायद्याने चुकून मिसळलेला पारासुद्धा दहा लाखात एक भागाच्या वर चालत नाही.

चौथा पर्याय मोबाईलवर आला. डिसेंबर २०२२ मध्ये ताई एक व्हिडिओ घेऊन आल्या, ट्रॅनेक्सामिक ॲसिडच्या गोळ्यांनी वांग जातात. ह्यात तथ्य आहे. पाळीत किंवा ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला वापरतात तीच गोळी, वांगासाठी कमी डोसमध्ये, २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी काही महिने देतात आणि चिवट वांगात गुण येतो. पण रक्ताची गुठळी विरघळू न देणारं औषध आहे ते. मी विचारलं, "ताई, पाळीच्या गोळ्या अजून चालू आहेत का?" चालू होत्या. त्या गोळ्यांनीही रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो, दोन्ही एकत्र घ्यायच्याच नसतात. पुढं विचारलं घरात कुणाला पायात गुठळी, लकवा वगैरे, तर म्हणाल्या आईला पायात गुठळी झाली होती, सोलापूरला ॲडमिट होती आठ दिवस.

मी सरळ नाही म्हणालो. ताई रागावल्या, "ती क्रीम बरी दिलीत चिठ्ठी न बघता, आता गोळीला नाही?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण ह्या सगळ्या केसमध्ये मी बरोबर केलेली पहिली गोष्ट तीच, आणि त्यांच्या त्या वाक्यामुळेच रात्री बसून अकरा ट्यूबांची बिलं काढली.

पाचवा पर्याय होता सोलापूरला स्किनच्या डॉक्टरकडे जायचा. हा पहिल्या दिवसापासून होता. सिव्हिलला स्किनची ओपीडी आहे, खाजगीतही एमडी डॉक्टर आहेत, एसटीने दीड तास. पण "एवढ्याशा डागासाठी सोलापूरला? लोक काय म्हणतील, हिला थाटमाट सुचतोय." नवऱ्याला विचारायचं म्हणजे दिवसाची पिग्मी बुडणार, भाडं, फी. घरात कुणाला ताप आला तर कर्ज काढून जातील पण बाईच्या चेहऱ्यासाठी नाही, आणि बाईसुद्धा स्वतःसाठी म्हणणार नाही. त्यापेक्षा दर महिन्याला एक ट्यूब गुपचूप घेणं सोपं.

प्रत्यक्षात काय झालं

त्या गेल्या, पण चुकीच्या दारात. जानेवारी २०२३ मध्ये बहिणीच्या सांगण्यावरून शहरातल्या एका स्किन-हेअर-लेझर क्लिनिकमध्ये. बोर्ड मोठा, एसी, आत गेल्या गेल्या काउन्सेलर म्हणून एक मुलगी, तिने मोबाईलवर फोटो काढला आणि ६ सिटिंगचं लेझर पॅकेज गळ्यात मारलं, १८ हजार, हप्त्यानं. आधी काय लावत होता, कुठल्या गोळ्या चालू आहेत हे कुणी विचारलं नाही. तिथं बसणाऱ्यांची डिग्री स्किनची नव्हती, हे नंतर समजलं.

पहिल्या सिटिंगनंतर थोडं उजळल्यासारखं वाटलं. दुसऱ्यानंतर दहाव्या दिवशी दोन्ही गाल काळवंडले. लेझर वाईट असं मला म्हणायचं नाही, पण वांगासाठी तो पहिला उपाय कधीच नसतो, त्यातून स्टेरॉइडने पातळ झालेली कातडी, वरून उन्हातली नोकरी. उष्णतेने त्या पेशी अजून चिडणार नाहीतर काय. उरलेल्या चार सिटिंगचे पैसे परत मिळाले नाहीत.

गाल काळवंडल्यावर ताई माझ्या दुकानात आल्या तेव्हा स्टोल सोडलाच नाही. मशीन पुढं केलं, पावती काढली, बोलल्या नाहीत. मी पोराला काउंटरवर उभं केलं आणि मागच्या खोलीत बसवून बोललो. माझी चूक कबूल केली, ट्यूबांचा आकडा सांगितला. आणि सांगितलं की आता मी काही देणार नाही, सोलापुरात एमडी स्किन असलेल्या डॉक्टरबाई आहेत, मी फोन करून नंबर लावतो. डिग्री कशी बघायची तेही सांगितलं: एमडी किंवा डीएनबी त्वचारोग, नाहीतर डीडीव्हीएल, आणि मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर चिठ्ठीवर छापलेला असतो. "कॉस्मेटॉलॉजिस्ट" एवढंच लिहिलं असेल तर विचारायचं की बाकी काय शिकलात. ह्यात लाजायचं काही नाही.

आणखी एक सांगितलं, घरातल्या सगळ्या ट्यूबा, डब्या, गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. काही लपवू नका. पांढरी डबी तेव्हा बाहेर आली.

मार्च २०२३, पहिली व्हिजिट. मी बरोबर गेलो नव्हतो, ताईंनी सांगितलेलं आणि चिठ्ठीवरचं मिळून लिहितोय. डॉक्टरांनी पिशवी टेबलावर ओतली आणि एकेक ट्यूब उचलून किती दिवस, कुठं, दिवसातून किती वेळा असं विचारलं, दहा-बारा मिनिटं नुसतं तेच. मग वूड्स लॅम्प नावाच्या निळसर दिव्याखाली चेहरा बघितला, त्यात वरवरचा रंग जास्त उठून दिसतो आणि खोलवरचा तसा उठत नाही, त्यावरून अंदाज येतो. ताईंचा मिक्स होता, काही वर काही खोल. मग डर्मोस्कोप, म्हणजे लाईटवालं भिंग, ते गालाला लावून बघितलं. उजव्या गालाच्या हाडावर एका जागी राखाडी-निळसर ठिपके दिसले. हायड्रोक्विनोन फार दिवस लावलं की काही जणांना ओक्रोनोसिस होतो, म्हणजे डाग जायच्या औषधानेच कायमचा काळा डाग बसतो. डॉक्टरांनी शंका बोलून दाखवली, खात्री करायची तर कातडीचा छोटा तुकडा काढून तपासावा लागेल म्हणाल्या. इथं एक निर्णय होता. चेहऱ्यावर व्रण आणि त्यातून उपचार फारसे बदलणार नाहीत, दोन्हीकडून विचार करून बायॉप्सी पुढं ढकलली आणि हायड्रोक्विनोन त्यांना कायमचं बंद असं चिठ्ठीवर लाल पेनने लिहिलं.

तपासण्या मोजक्याच. थायरॉइड, हिमोग्लोबिन, आणि पांढऱ्या डबीमुळे लघवीत प्रथिनं जातात का ते, बरोबर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीसाठीची रक्ताची तपासणी. किडनीचं सगळं नॉर्मल आलं. थायरॉइड नॉर्मल. हिमोग्लोबिन ९.२, म्हणजे जाऊबाईंचं रक्त कमी आहे हे खरं निघालं, फक्त वांग त्यामुळे नव्हते.

उपचारांत मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते हे की पहिले दोन महिने वांगासाठी काहीच दिलं नाही. साधा फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. पुळ्या आणि लालीसाठी सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक, आग कमी व्हायला स्टेरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस मलम. आधी भाजलेली जमीन शांत करायची, पेरणी नंतर. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की पहिले तीन आठवडे चेहरा पेटल्यासारखा होईल, फोन करा पण ट्यूबकडे जाऊ नका. तसंच झालं. अकराव्या दिवशी ताई काउंटरवर येऊन म्हणाल्या, "दादा, एकदाच द्या, उद्या भाचीचा साखरपुडा आहे." नाही दिली. गार पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितल्या, डॉक्टरांना तिथूनच फोन लावून दिला. साखरपुड्याला त्या लाल चेहऱ्याने गेल्या, आणि फोटोत मागच्या रांगेत उभ्या राहिल्या, हे त्यांनीच सांगितलं.

पाळीच्या गोळ्यांचं मात्र त्वचेच्या डॉक्टरांनी स्वतः काही केलं नाही. गायनॅकना चिठ्ठी दिली. आपल्या मनाने गोळ्या सोडल्या असत्या तर परत रक्त जाऊन हिमोग्लोबिन अजून खाली आलं असतं. गायनॅकनी सोनोग्राफी करून, आईचा गुठळीचा इतिहास आता पहिल्यांदा ऐकून, त्या गोळ्या हळूहळू बंद केल्या आणि दुसरा उपाय सुरू केला, लोहाच्या गोळ्या दिल्या. आईची गुठळी तीन वर्षांत गायनॅकना सांगितलीच नव्हती. विचारलं नसेल किंवा सुचलं नसेल.

तिसऱ्या महिन्यापासून वांगासाठी लावायचं ॲझेलिक ॲसिड, आधी आठवड्यातून तीन रात्री, मग रोज. ट्रॅनेक्सामिकची गोळी आईच्या इतिहासामुळे बादच.

सनस्क्रीनची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण इथं माझं काउंटर कामाला आलं. डॉक्टरांनी एसपीएफ ५० ची आणि टिंटेड, म्हणजे कातडीच्या रंगाची दिली होती. एसपीएफचा आकडा मुख्यतः भाजणाऱ्या किरणांपुरता असतो, वांग मात्र डोळ्याला दिसणाऱ्या साध्या उजेडानेही वाढतात, आणि तो उजेड अडवायला त्या रंगातलं आयर्न ऑक्साइड लागतं. पांढरी सनस्क्रीन तिथं कमी पडते. चार महिन्यांनी फॉलोअपला फरक कमी दिसला, डॉक्टरांनी विचारलं लावता ना, हो म्हणाल्या, आणि खोटं बोलत नव्हत्या. पण मला बिलं दिसत होती. ५० ग्रॅमची ट्यूब मार्चमध्ये नेलेली, जुलैपर्यंत दुसरी नाही. दोन बोटांच्या लांबीएवढं, म्हणजे साधारण एक ग्रॅम चेहऱ्याला आणि मानेला, दिवसातून दोनदा लावलं तर ट्यूब पंचवीस दिवसांत संपायला पाहिजे. त्यांची चार महिने चालली होती, म्हणजे हरभऱ्याएवढी लावत होत्या. कारण साधं होतं, ट्यूब सव्वापाचशेची. "एवढी महागाची वस्तू अशी बदाबदा कशी लावू?"

हे डॉक्टरच्या खोलीत कळत नाही. मी त्यांना त्यांच्याच धंद्याचं गणित घातलं: लेझरचे १८ हजार म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळाच्या सनस्क्रीनचे पैसे. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या नावाने २० रुपये रोजची पिग्मी सुरू केली, फक्त सनस्क्रीनसाठी. महिन्याला ६००. शिवाय सकाळचा राउंड ११ ऐवजी ९ ला सुरू केला, दुकानदारांनी थोडी कुरकुर केली, मग सवय झाली. स्कुटीच्या डिकीत सनस्क्रीन ठेवू नका असंही सांगितलं, उन्हात डिकी भट्टी होते आणि क्रीम पातळ होऊन वाया जाते.

निष्पत्ती

लाली आणि पुळ्या साडेचार महिन्यांत गेल्या. बारीक शिरा बऱ्याच कमी झाल्या, पूर्ण नाही. लव गळायला आठ महिने लागले. वांगाचं म्हणाल तर डॉक्टर दर फॉलोअपला त्याच खिडकीशी त्याच जागी फोटो काढायच्या, वर्षाने पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवला तर कपाळ जवळजवळ साफ, गाल निम्म्याहून फिके, ओठावरचा डाग चिवट, अजून आहे. उजव्या गालावरची ती राखाडी जागा आहे तशीच, ती बहुधा राहणार. ती माझ्या ट्यूबांची सही आहे असं मी धरून चालतो.

मे २०२४ मध्ये परत उसळी आली. लग्नसराई, दोन हळदी मांडवात उन्हात बसून, वर चुलीपुढं पोळ्या. पण ह्या वेळी ताई घाबरल्या नाहीत आणि काही नवीन लावलं नाही, आठ दिवसांत फॉलोअप घेतला, डॉक्टरांनी ॲझेलिक वाढवलं, तीन महिन्यांत परत खाली. वांग बीपीसारखे असतात, ताब्यात राहतात, जात नाहीत, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे, पण ते पटायला ती एक उसळी लागली.

आज परत करायचं झालं तर

गोळ्या सुरू झाल्यावर पाच महिन्यांत वांग आले, ही तारीख जुळवायला कुणी बसलं नाही. मी दोन्ही गोष्टी विकत होतो, गोळ्याही आणि क्रीमही, एकाच बाईला, एकाच बिलावर सुद्धा. माझ्या डोक्यात तेव्हा दिवा पेटायला पाहिजे होता.

पहिली ट्यूब मागितली त्या दिवशीच सोलापूर सांगायला हवं होतं असं मी म्हणणार नाही, तेवढं सरसकट कुणी जाणार नाही. त्या दिवशी चांगली सनस्क्रीन, मापात कशी लावायची ते, स्टोल, जायफळ-लिंबू बंद आणि गोळ्यांबद्दल गायनॅकना विचारा, एवढं सांगून दोनतीन महिने थांबता आलं असतं. तेवढ्यात फरक नाही पडला तर मग स्किनचा डॉक्टर. पण काही गोष्टींत थांबायचंच नाही. कुठल्याही क्रीमने आधी झटपट गोरेपणा आणि सोडल्यावर आग-लाली असं होत असेल तर लगेच. डाग एकाच बाजूला असेल, वाढतोय, कडा वेड्यावाकड्या, रक्त येतंय, तर लगेच. गालांवर लाल-काळं आणि बरोबर सांधे दुखतात, तोंडात फोड, केस गळतात, तर ते ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार, असू शकतं. हिरड्या आणि तळहाताच्या रेषाही काळ्या पडतायत, अशक्तपणा, वजन उतरतंय, तर मामला चेहऱ्याचा नसून ग्रंथींचा असू शकतो. मान काळी मखमलीसारखी जाड झाली असेल तर क्रीम मागू नका, शुगर तपासा. आणि पोटूशी बाईने ह्यातली कुठलीच ट्यूब आपल्या मनाने लावायची नाही, ट्रेटिनॉइन तर नाहीच.

लेझर क्लिनिकच्या वेळी ताई "डॉक्टरकडे" गेल्याच होत्या, असं त्यांच्या घरचे अजून म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही. पांढरा कोट दिसला की आपण डॉक्टर म्हणतो. पुढच्या वेळी कुणी असं विचारलं तर मी डिग्रीच्या आधी एकच खूण सांगतो: आधी काय लावत होता हे न विचारता पॅकेजचा भाव सांगितला तर उठून या.

दुकानात मी आता ट्रिपल क्रीम चिठ्ठीशिवाय देत नाही, आणि चिठ्ठी जुनी असेल तर तारीख बघतो. गिऱ्हाईक तुटतं. समोरच्या लाइनीत अजून दोन मेडिकल आहेत. मागच्या महिन्यात कॉम्प्युटरवर यादी काढली, वर्षात सहापेक्षा जास्त ट्यूबा नेलेल्या अजून दोन बायका निघाल्या. एकीशी बोललो, ती ताईंबरोबर एसटीने सोलापूरला जाऊन आली. दुसरी दोन दिवस आली नाही म्हणून बरं वाटलं होतं, मग कळलं की ती आता पलीकडच्या दुकानातून घेते.